राज्य बुडालं, धर्म कुणाच्या आधाराने राहिला?
(पुण्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. राजाश्रय मिळाला की धर्म वाढतो, राज्य बुडालं की धर्मही बुडतो. प्राचीन जगाचा इतिहास मला तसं सांगत नाही, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

राजाश्रय अगदी पुरेपूर मिळाला, असं एक उदाहरण आधी घेऊ. इजिप्तमध्ये इ.स.पू. चौदाव्या शतकात अखेनातन नावाचा राजा झाला. थीब्जचा आमुन देव आणि त्याचे श्रीमंत पुरोहित बाजूला सारून त्याने एकट्या आतनची, म्हणजे सूर्यबिंबाची, उपासना सुरू केली. आज ज्या जागेला अमार्ना म्हणतात, तिथे नवी राजधानी वसवली. भिंतींवरचं आमुनचं नाव छिन्नीने खरवडून काढायला लावलं. साधारण सतरा वर्षं त्याची सत्ता चालली. तो गेला आणि थोड्याच वर्षांत सगळं उलटलं. तुतनखातन नावाचा बालराजा तुतनखामुन झाला, राजधानी ओस पडली, आतनच्या मंदिरांचे दगड होरेमहेब राजाने कर्नाकच्या भव्य दरवाजांमध्ये भराव म्हणून वापरले.

असं का झालं? आतनशी नातं होतं ते फक्त राजाचं. प्रजेने राजाकडे पाहायचं आणि राजाने आतनकडे. पण त्याच अमार्नात कामगारांच्या वस्तीत उत्खनन झालं, तेव्हा बेस आणि तावेरेत या बाळंतिणीला आणि लेकराला जपणाऱ्या देवतांच्या खुणा सापडल्या. राजाची आज्ञा त्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत पोचली, आत गेली नाही. इजिप्तचा जुना धर्म मात्र पुढे इराणी, ग्रीक, रोमन अशा तिन्ही सत्तांखाली टिकून राहिला. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिले बेटावरचा आहे, इ.स. 394 चा.

आता उलट बाजू पाहा. इ.स.पू. 586 च्या सुमारास बॅबिलोनच्या नेबुखद्नेस्सरने जेरुसलेम जिंकलं, ज्यूंचं मंदिर जाळलं, राजा आणि प्रमुख माणसं धरून नेली. राज्य नाही, मंदिर नाही, मायभूमी नाही. त्या काळच्या रीतीने पाहिलं तर त्यांचा देव हरला होता. पण या लोकांनी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळला, खाण्यापिण्याचे नियम सांभाळले, जुन्या कथा आणि कायदे नीट लिहून जुळवले. इ.स.पू. 539 मध्ये इराणच्या सायरसने बॅबिलोन घेतलं आणि त्यांना परतायची वाट मोकळी झाली. मंदिर पुन्हा उभं राहिलं, इ.स. 70 मध्ये रोमनांनी ते पुन्हा पाडलं, आणि तरीही धर्म राहिला.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. कॅम्पातलं लाल देऊळ सगळ्यांना माहीत असतं. ते डेव्हिड ससूनने बांधवलेलं, बगदादी ज्यूंचं. रास्ता पेठेतलं सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. हे लोक कोकणात तेलाच्या घाण्यावर काम करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. घरी मराठी, आडनावं केहीमकर, रोहेकर. कित्येक पिढ्या जगभरच्या ज्यूंशी त्यांचा संबंध जवळपास तुटलेला होता. राजा सोडा, धर्मग्रंथ वाचून दाखवणारा विद्वानही जवळ नव्हता. तरी शनिवारचा घाणा बंद राहिला. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आता आपल्या मावळात येऊ. कार्ल्याचा चैत्य, म्हणजे डोंगरात कोरलेलं बौद्धांचं प्रार्थनागृह, तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. एकवीरेच्या दर्शनाला गेलेला माणूस त्याच्या दारातच उभा असतो. पुढच्या वेळी खांबांवरची आणि भिंतींवरची अक्षरं पाहा. एक लेख म्हणतो की वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे बड्या व्यापाऱ्याने, जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह पूर्ण केलं. दर्शनी भागासाठी धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दान दिलं. एक खांब सिंहध्यय नावाच्या यवनाचा (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत). सम्राटाने हुकूम सोडला आणि डोंगर कोरला गेला, असं इथे घडलं नाही. घाटवाटांनी कल्याण-सोपाऱ्याकडे ये-जा करणाऱ्या माणसांनी एकेक खांब उचलला.

सत्ता तर सारखी बदलत होती. क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक नावाचं गाव दिलं. नाशिकच्या लेण्यात त्याच्या दुसऱ्या दानाचा हिशेब कोरलेला आहे. तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, म्हणजे वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. मुद्दलाला हात लावायचा नाही. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. नाण्यावरचा राजा बदलला, पण करजिकचं काय झालं? कार्ल्यातच सातवाहन काळातली आज्ञा कोरलेली आहे, मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्या अमात्याला दिलेली: हे गाव भिक्खूंचंच राहील. आणि हे सातवाहन वैदिक यज्ञ करणारे. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख यज्ञांच्या दक्षिणांनीच भरलेला आहे. ज्या संघामागे, म्हणजे भिक्खूंच्या समुदायामागे, व्यापारी, विणकर आणि गावं उभी होती, त्याला दुखावून नव्या राजाला मिळणार तरी काय होतं?

मग हा बौद्ध धर्म इथून गेला कसा, हे तुम्ही विचारणारच. एका दिवसात गेला नाही. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग इथे आला, तेव्हा त्याने महाराष्ट्रात शंभरेक विहार आणि पाच हजार भिक्खू असल्याचं लिहून ठेवलं. पण रोमशी चालणारा व्यापार कधीच आटला होता, श्रेणी दुबळ्या झाल्या होत्या. अजिंठ्याला वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात मोठं काम झालं, ते मुख्यतः राजा, मंत्री आणि मांडलिकांच्या बळावर. ती सत्ता ढासळली आणि कितीतरी लेणी अर्धवट राहिली. माझं मत असं, की दान देणाऱ्या घराशी संघाचा संबंध दानापुरताच उरला. बारसं, लग्न, मर्तिक यांना त्या घरात दुसरेच लोक येत होते. विहार रिकामे झाल्यावर धर्म जपून ठेवील असं घर मागे नव्हतं.

तो परत आला तो मात्र घरांमधूनच. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली होती. दोन वर्षांनी नागपूरला लाखो माणसांनी धम्म स्वीकारला. यामागे कुठला राजा नव्हता, कुणी श्रेष्ठी नव्हता. आज त्या घरांत लग्नही बुद्धवंदनेने लागतं आणि निरोपही तसाच दिला जातो.