ग्रेस स्लिक, सकाळी आठ वाजता

(पडद्यावर: वुडस्टॉक, अमेरिकेतला रॉक संगीताचा महोत्सव. उजाडतंय. चिखल, ओल्या गोधड्या, अर्धवट जागी गर्दी.)

१७ ऑगस्ट १९६९, रविवार. सकाळचे आठ वाजत आलेत. खरं तर जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचा कार्यक्रम काल रात्रीचा. शनिवारच्या रात्रीचं मुख्य आकर्षण तेच. पण वुडस्टॉकचं वेळापत्रक केव्हाच कोलमडलंय. उजाडेपर्यंत मंच 'द हू' या बँडकडे होता. आता कुठे या मंडळींचा नंबर लागलाय.

झालरींचा पांढरा पोशाख घातलेली, काळ्याभोर केसांची एक बाई माइकपाशी येते. मोठमोठे बँड ऐकून झाले ना, म्हणते, आता ऐका सकाळचं पिसाट संगीत. रात्रभराचं जागरण झालंय, पण आवाजात ना पेंग, ना लाडीगोडी. समोर लाखोंचा जमाव आहे आणि ती त्याच्याकडे असं बघते, जणू वर्गात उशिरा आलेली पोरं बसलीत.

ग्रेस स्लिक. वय २९.

(पडद्यावर: सॅन फ्रान्सिस्को, हिप्पींच्या वस्तीतला हेट-ॲशबरीचा चौक. जुनी रंगीत फीत.)

साठच्या दशकातलं सॅन फ्रान्सिस्को म्हटलं की दोन बायकांची नावं हमखास निघतात. एक जॅनिस जॉप्लिन, दुसरी ही. जॅनिस गाताना सगळीच्या सगळी ओतली जायची. घाम, हुंदका, किंकाळी, काही हातचं राखलेलं नसायचं. ग्रेसचं नेमकं उलट. ती ताठ उभी राहायची. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार, आणि स्वराच्या शेवटाला किंचित थरथर. ती थरथर हळवेपणाची नव्हती. ताणलेल्या तारेची होती. लोकांनी आपल्यावर प्रेम करावं अशी तिची काही धडपड दिसतच नाही. माझ्या मते तिचा सगळा करिष्मा इथेच आहे. त्या काळात रॉक बँडमधल्या बाईने एकतर गोड दिसावं, नाहीतर दुःखी असावं, अशी अपेक्षा असे. ग्रेस दोन्हीच्या वाटेला गेली नाही.

माहेरचं नाव ग्रेस बार्नेट विंग. जन्म ३० ऑक्टोबर १९३९, इलिनॉयमधला. वडील बँकिंगच्या धंद्यातले, बालपण कॅलिफोर्नियात पालो आल्टोला. शिकायला न्यूयॉर्कच्या फिंच कॉलेजात. श्रीमंत घरच्या मुलींना चारचौघांत कसं वागावं, हे शिकवणारं कॉलेज. त्या शिकवणीचं पुढे काय झालं ते येईलच.

१९६१ मध्ये जेरी स्लिकशी लग्न. मग सॅन फ्रान्सिस्कोत आय. मॅग्निन नावाच्या उंची दुकानात मॉडेलची नोकरी. महागडे कपडे घालून गिऱ्हाइकांसमोर चालून दाखवायचं. १९६५ मध्ये फिलमोर स्ट्रीटवर 'द मेट्रिक्स' नावाचा छोटा क्लब उघडला. तिथे एका नव्या बँडला तिने ऐकलं. ही पोरं एका रात्रीत कमावतात ते आपल्या आठवड्याभराच्या कमाईपेक्षा जास्त, आणि वर मजा करतात! गाण्याची ओढ, कलेची साधना वगैरे नंतर. आधी हा हिशेब. तो तिने कधी लपवलाही नाही. तो नवा बँड म्हणजेच जेफरसन एअरप्लेन.

ग्रेस, नवरा जेरी आणि दीर डार्बी यांनी मग स्वतःचा बँड काढला, 'द ग्रेट सोसायटी'. नाव राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गाजलेल्या योजनेवरून, अर्थातच टिंगल म्हणून. बँड जेमतेम वर्षभर टिकला. पण त्या वर्षात या घरात दोन गाणी तयार झाली. एक डार्बीने लिहिलं, एक ग्रेसने.

(पडद्यावर: जुना उभा पियानो, जवळून. मधल्या काही पट्ट्या गायब.)

ग्रेसचं गाणं एका मोडक्या पियानोवर झालं. पन्नास डॉलरला घेतलेला लाल रंगाचा उभा पियानो, त्याच्या आठ-दहा पट्ट्या जागेवरच नव्हत्या. तिच्याच सांगण्याप्रमाणे, एलएसडी हे भ्रम दाखवणारं अमली द्रव्य घेऊन तिने जॅझवादक माइल्स डेव्हिसची स्पॅनिश ढंगाची एक तबकडी चोवीस तास पुन्हा पुन्हा ऐकली होती. ते स्पेन डोक्यात मुरलं. वर फ्रेंच संगीतकार रावेलच्या 'बोलेरो'सारखी हळूहळू चढत जाणारी बांधणी, आणि शब्द लुईस कॅरलच्या ॲलिसच्या जगातले. गाण्याचं नाव 'व्हाइट रॅबिट'.

आता पेटी असेल जवळ तर घ्या. गाणं सुरू होतं काळी तीनवर आणि तिथून सरकतं शेजारच्या पांढरी पाचवर. अर्ध्या स्वराची सरक. म्हणजे षड्जावरून कोमल ऋषभ, आणि पुन्हा मागे. आपल्या कानांना ही जागा नवी नाही, म्हणून तर पहिल्यांदा ऐकतानाही हे गाणं फार परकं वाटत नाही. आधी नुसता बास, जॅक कॅसडीचा. मग लष्करी संचलनासारखा ड्रम. मग योर्मा कौकोनेनची गिटार, आणि मग ती, जवळजवळ पुटपुटत. गाण्याला ध्रुवपद नाही. परत फिरून येण्याची जागाच नाही, नुसता चढ. अडीच मिनिटांत आवाज तळघरातून गच्चीवर पोचतो आणि गाणं तिथेच तुटतं.

लहानपणी आईबापच आम्हाला ज्या गोष्टी वाचून दाखवत, त्यांत काहीतरी खाऊन-पिऊन अद्भुत घडतंच की, मग आता नावं का ठेवता? असा ग्रेसचा या गाण्यामागचा युक्तिवाद. वकिली थाटाचा आहे खरा, पण पालकांच्या पिढीला तो चांगलाच झोंबला.

डार्बीच्या गाण्याची कथा वेगळी. 'समबडी टू लव्ह' त्याने लिहिलं, ग्रेट सोसायटीने ध्वनिमुद्रित केलं, आणि ते कुणी ऐकलं नाही. डार्बीला ओढ होती भारतीय संगीताची. बँड फुटला आणि तो भारतात आला. पुढे उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे सरोद शिकला. खाँसाहेबांचं विद्यालयही त्याच सुमारास कॅलिफोर्नियात उभं राहिलं आणि १९६८ पासून सॅन रफाएलला स्थिरावलं. एक पिढी आपल्या मुलखात येत होती, आपले उस्ताद तिच्या मुलखात जात होते.

(पडद्यावर: फिलमोर सभागृह. भिंतींवर हलणारे रंगांचे ओघळ.)

ऑक्टोबर १९६६. जेफरसन एअरप्लेनची गायिका सिग्ने अँडरसन हिची मुलगी तान्ही होती, फिरतीचं आयुष्य जमेना. तिचा शेवटचा कार्यक्रम १५ तारखेला फिलमोरला. दुसऱ्या दिवशी त्याच मंचावर ग्रेस. तिला जुन्या करारातून सोडवायला ७५० डॉलर मोजले होते. ती हुंड्यासारखी दोन गाणी घेऊन आली.

त्या सभागृहातला प्रकाशाचा खेळ कसा चाले, तेही बघा. घड्याळाच्या तबकडीवरची असते तशी, पण मोठी, खोलगट काच. तीत रंगीत पाणी आणि रंगीत तेल. खालून दिवा, वर भिंग. वरून दुसरी काच टेकवून तालावर दाबायची, की भिंतभर रंगांचे फुगे फुगतात, फुटतात, एकमेकांत शिरतात. चालवणारा माणूस हाताने, गाणं ऐकत ऐकत हे करायचा. संगणक नाही, काही नाही. सायकेडेलिक म्हणून आज जे छापील टी-शर्टवर मिळतं, त्याचं मूळ या तेलकट काचेत आहे.

नोव्हेंबर संपायच्या आत हॉलिवूडमध्ये 'सररिअलिस्टिक पिलो'चं ध्वनिमुद्रण झालं. फेब्रुवारी १९६७ ला तबकडी बाजारात आली. अमेरिकेच्या यादीत 'समबडी टू लव्ह' पाचव्या क्रमांकापर्यंत, 'व्हाइट रॅबिट' आठव्यापर्यंत. जूनमध्ये माँटेरे महोत्सव. शनिवारी रात्री एअरप्लेन, रविवारी दुपारी त्याच मंचावर पंडित रविशंकर.

आता फिंच कॉलेजची गोष्ट. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची मुलगी ट्रिशाही तिथलीच विद्यार्थिनी. एप्रिल १९७० मध्ये तिने कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींना व्हाइट हाउसमध्ये चहाला बोलावलं. यादीतून एक निमंत्रण गेलं ग्रेस विंग या नावाने. विंग म्हणजे स्लिक, हे पत्ते लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. ग्रेस गेली, सोबत ॲबी हॉफमन. दंगलीला चिथावणी दिल्याच्या खटल्यात देशभर गाजलेला माणूस, केस विंचरून, सूट घालून. ग्रेसच्या खिशात एलएसडी. बेत असा की बोलता बोलता ते निक्सनसाहेबांच्या चहात पडावं. हे तिनेच नंतर मुलाखतींत वारंवार सांगितलंय. रांगेतच सुरक्षारक्षकांनी ओळखलं, चहा हुकला. ऐकायला धमाल वाटतं. पण दुसऱ्याला न सांगता त्याच्या कपात असलं काही टाकणं हा विनोद नव्हे, मग कप निक्सनचा का असेना.

त्या दिवसांच्या आठवणी काढताना हे पैलू हळूच गाळले जातात. ६ डिसेंबर १९६९ चा, कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँटचा कार्यक्रमही असाच. सुरक्षेला हेल्स एंजल्स या मोटरसायकलवाल्या टोळीला उभं केलेलं. एअरप्लेनचं वादन चालू असताना हाणामारी झाली. बँडचा संस्थापक मार्टी बालिन मध्ये पडला, तर त्यालाच ठोसा लगावून बेशुद्ध केलं. पुढे 'रोलिंग स्टोन्स' बँडच्या वादनात एका तरुणाचा भोसकून खून झाला. वुडस्टॉकला चार महिनेही झाले नव्हते.

ग्रेसची दारू वाढत गेली. १९७१ मध्ये गोल्डन गेट पुलाजवळ, योर्माशी शर्यत लावून तिने गाडी भिंतीवर घातली, थोडक्यात वाचली. १९७८ मध्ये हँबर्गच्या कार्यक्रमात नशेत श्रोत्यांनाच शिव्या घातल्या आणि बँड सोडला. बँडचं नाव तोवर 'जेफरसन स्टारशिप' झालं होतं. मग व्यसनमुक्ती, आणि पुन्हा तोच बँड, पुढे नाव नुसतं 'स्टारशिप'. १९८५ ते ८७ मध्ये तीन गाणी पहिल्या क्रमांकावर. गुळगुळीत, बेतून शिवलेली गाणी. जुने चाहते आजही नाक मुरडतात. नंतर ती स्वतःही त्यांच्यात सामील झाली.

(पडद्यावर: रंगांनी बरबटलेलं टेबल, ॲक्रिलिकच्या ट्यूब.)

पन्नाशी ओलांडल्यावर रॉक गाणारे लोक हास्यास्पद दिसतात, असं तिचं ठाम मत. १९९० मध्ये, पन्नाशी गाठल्यावर, तिने ते स्वतःला लागू केलं. तेव्हापासून अधूनमधून एखादा अपवाद सोडला तर मंचावर गाणं नाही. १९९६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सत्कार झाला, ग्रेस गेली नाही. २८ जानेवारी २०१६ ला बँडमधला साथीदार आणि तिच्या मुलीचा बाप पॉल कँटनर गेला. त्याच दिवशी सिग्नेही गेली, जिची जागा ग्रेसने घेतली होती.

आता ती चित्रं काढते. आणि गंमत अशी की गाण्यातून जी स्मरणयात्रा तिने नाकारली, ती कुंचल्यातून मजेत विकते. जॅनिस, जेरी गार्सिया, जिमी हेंड्रिक्स यांची चित्रं. आणि पांढरे ससे, भरपूर.

२०१७ मध्ये चिक-फिल-ए या खाद्यसाखळीला जाहिरातीसाठी स्टारशिपचं एक गाणं हवं होतं. मालक समलिंगी विवाहाच्या विरोधातले. ग्रेसने परवानगी दिली, आणि तिच्या वाट्याला आलेला सगळा पैसा समलिंगींच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या 'लॅम्डा लीगल' संस्थेला देऊन टाकला. वर लेख लिहून तसं जाहीरही केलं.