वजीर देऊन मात! ट्रॅक्सलर काउंटर अटॅक बघूया

नमस्कार मंडळी, बुद्धिबळाचा बोर्ड लावूनच बसलोय. परवा एका अंडर-११ स्पर्धेला गेलो होतो, पालक बाहेर काचेला नाक लावून उभे, आणि आतल्या एका बोर्डवर मी थबकलोच. ई४, ई५ (ही पटावरच्या घरांची नावं), मग दोघांचे घोडे, पांढऱ्याचा उंट सी४, काळ्याचा दुसरा घोडा एफ६ आणि पोराने खाडकन घोडा जी५ ला ठेवला. क्लासला जाणाऱ्या प्रत्येक पोराला हे पाठ असतं, उंट आणि घोडा दोघांची नजर एफ७ च्या प्याद्यावर. आता काळ्याने गुपचूप डी५ खेळायचं असतं ना, तर समोर काळ्याने खेळणाऱ्या पोरीने उंट काढून सी५ ला ठेवला, म्हणजे घे बाबा काय घ्यायचं ते!

हाच ट्रॅक्सलर. कारेल ट्रॅक्सलर हा चेक माणूस, धर्मगुरू होता बरं का, १८९० मध्ये त्याने राइनिश नावाच्या खेळाडूविरुद्ध हे खेळलं. राइनिशने घोड्याने एफ७ मारलं, वजीर आणि हत्ती दोन्ही एकदम, तोंडाला पाणी सुटणारच. ट्रॅक्सलरने उंटाने एफ२ मारून शह दिला आणि इथून बघा, राजा ई२, डी३... नवव्या चालीला पांढऱ्याने वजीर खाल्ला तरी शहावर शह, राजा सी३, बी४, बी५ करत चक्क ए५ ला पोचला, काळ्याच्या घरात! शेवटी १७ व्या चालीला सी७ चं प्यादं दोन घरं पुढे, आणि त्या साध्या प्याद्याने मात. काळ्याचा राजा तोपर्यंत जागचा हललेलाही नाही.

पण एक गोम आहे. घोड्याऐवजी उंटाने एफ७ मारून शह दिला तर काळ्याचा राजा ई७ ला येतो, कॅसलिंग (राजाला हत्तीआड सुरक्षित बसवायची चाल) गेलं, प्यादंही गेलं, आणि पांढरा उंट बी३ ला मागे घेऊन निवांत खेळतो. कॉम्प्युटरही पांढऱ्याच्याच बाजूने बोलतो. म्हणून माझ्या मते हा डिफेन्स काळ्यापेक्षा पांढऱ्याच्या हावरटपणावर जास्त चालतो.

आणि परवाच्या पोराने, काय सांगू, बरोब्बर उंटानेच मारलं. पोरगी हरली. पुढच्या वेळी तिला काळे मोहरे आल्यावर मी मुद्दाम जाऊन बघितलं तर परत उंट सी५! काचेबाहेर तिच्या आईने कपाळाला हात लावला.