काळ्या मातीचे बैल

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील तापीकाठच्या एका गावात पोळ्याला दोन दिवस उरले आहेत आणि पावसाने उघडीप दिली आहे. ओट्यावर मुले पोळ्यासाठी मातीचे बैल करत आहेत. कपाशीच्या शेतातून आणलेली काळी माती रात्रभर भिजवून, खडे वेचून, तिच्यात थोडा पिंजलेला कापूस मिसळून मळली जाते. कारण ही माती वाळताना फार आकसते आणि धाग्यांचा आधार नसेल तर बैलाचे पाय तडकतात. शिंगे शेवटी लावायची. वशिंड मात्र पाठीच्याच मातीतून वर ओढायचे. या मुलांपैकी काहींचे वडील सैन्यात आहेत. ७ मे २०२५ रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले, तेव्हापासून १० मेच्या शस्त्रसंधीपर्यंत त्यांच्या घरातला टीव्ही बंद झाला नव्हता.

शाळेतील बाईंनी त्यांना युद्धाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी माती दिली, आणि आमच्या मते तेच योग्य होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथील बालगृहांत मुलांच्या खेळण्याबोलण्याच्या बारीक नोंदी ठेवल्या. आई जवळ असली आणि ती स्वतः घाबरलेली नसली, तर लहान मूल बॉम्बहल्लाही बराच सोसते. ताटातूट मात्र त्याला अधिक खोल दुखावते, असे त्यांना आढळले. जे मूल बोलत नाही, ते खेळात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मांडत राहते. नाझींनी ज्यूंना डांबलेल्या टेरेझीनच्या बंदिवासात चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी मुलांच्या हाती कागद आणि रंग दिले. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत मारण्यात आले. मुलांची सुमारे ४,५०० चित्रे वाचली आणि ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांत घरे आहेत, फुले आहेत, फुलपाखरे आहेत.

मुलाचे झोपेत दचकणे, अंथरूण ओले होणे, अबोला, अभ्यासावरून मन उडणे हे आठवडेच्या आठवडे टिकले, तर १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

ऊन कलले आहे. ओट्यावरच्या एका मुलाने बैलजोडीशेजारी मातीचाच एक माणूस उभा केला आहे. "हाऊ कोन शे?" बाई हलकेच विचारतात. तो बोट पाण्यात बुडवतो आणि त्या माणसाच्या पायावरची भेग लिंपू लागतो.