कागदाचे थर, सावलीच्या रेघा

नमस्कार, श्रोतेहो. कागद कापून, त्याचे थर एकावर एक चढवून चित्र रचू पाहणाऱ्या कलाविद्यार्थ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. घरी हौसेनं कागदकाम करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

या कामात आधी दिवा ठरवा, कटर मग उचला. पांढऱ्या कागदाचे पाच थर नुसते एकमेकांवर चिकटवले, तर समोरून आकार जेमतेम कळतात. थरांमध्ये फट ठेवली की वरच्या कडेची सावली खालच्या थरावर पडते, आणि डोळ्याला तीच रेघ वाटते. ही रेघ किती जाड हवी, ते आधीच मोजता येतं. उजेड कागदाशी ४५ अंशांचा कोन करून येत असेल, तर ३ मिलिमीटर फटीची सावली ३ मिलिमीटरच पडते. दिवा खाली आणून कोन ३० अंशांवर नेला, की तीच सावली ५ मिलिमीटरच्या थोडी पुढे जाते. आता समजा, वरच्या थरात ४ मिलिमीटर छिद्रांची जाळी आहे. ४५ अंशांना तिच्या छिद्रांत थोडा उजेड उरतो. ३० अंशांना छिद्रं सावलीनं पुरती भरतात आणि कष्टानं कापलेली नक्षी नुसती काळपट दिसते. ट्यूबलाइटखाली सावलीच्या कडा विरतात, एका लहान एलईडी दिव्याखाली त्या रेखीव राहतात. काम कुठे टांगलं जाणार आणि तिथे उजेड कोणत्या बाजूनं येतो, हे रेखाटनाआधी विचारून घ्या.

आता कागद. वरच्या थरांना १५० ते २०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा, कागद सोयीचा. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद फटीवर झोळ धरतो, आणि ३०० जीएसएममध्ये बारीक वळण घेताना पातं अडतं. मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद घ्याल तेव्हा शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेची घडी सहज पडते, तिला समांतर कागदाचे तंतू असतात. मागे पेन्सिलीनं तसा बाण काढून ठेवा. ओल लागल्यावर तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, ते जाडीत फुगतात. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त पसरतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे विसरून चालत नाही. एका थराचा बाण उभा आणि दुसऱ्याचा आडवा राहिला, तर दोघं वेगवेगळ्या दिशांना ताणतात आणि सगळं काम पिळवटतं. सगळे बाण एकाच दिशेला ठेवा. आणलेला कागद ज्या खोलीत काम करणार, तिथेच दिवसभर सपाट पसरून ठेवा, मगच कापा.

पोताचा क्रम मात्र पक्का: पोत आधी, काप नंतर. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्या कागदकामातही सहायक आधी कागदांवर गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, देत, आणि त्या रंगवलेल्या कागदातून मातीस कात्रीनं आकार कापत. ठसे उमटवायचे असतील तर कागद स्पंजनं ओलसर करा, भिजवू नका. तो गोणपाटावर किंवा तारेच्या जाळीवर ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबा, मग टिपकागदात घालून हलक्या वजनाखाली पूर्ण वाळवा. वजन जास्त झालं तर उठाव बसून जातो. अर्धवट ओला कागद कापला की पातं तंतू ओढतं, कड फाटते, आणि वाळल्यावर आकारही आक्रसतो. सुईनं मागून टोचलं की पुढे दाणेदार उठाव येतो. लवदार कड हवी असेल तर ओल्या ब्रशनं रेघ ओढा आणि तिच्यावरून कागद हातानं फाडा. हातकागदाचे सुती तंतू लांब असतात, त्यामुळे बारीक नक्षीत ते कटरला दाद देत नाहीत. एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी असं पातळ मिश्रण मागून लावून वाळवलं, की कड बरीच साफ येते.

प्रत्येक थराला पोत देण्याचा मोह आवरा. पोताच्या सावल्या आणि कडांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात, मग आकार सापडत नाही. खरखरीत कागद तळाला आणि गुळगुळीत कागद वर, ही मांडणी सहसा जमून येते.

कापताना ३० अंशांचं टोकदार पातं घ्या. आतली बारीक छिद्रं आधी, मोठे आकार नंतर, बाहेरची कड शेवटी. उलट केलं तर कमकुवत झालेला कागद हाताखाली सरकतो. वळणावर हात स्थिर ठेवून कागद फिरवा. कोपऱ्यात दोन्ही काप पूर्ण भेटू द्या. तुकडा ओढून काढला की तिथे लव राहते. मथुरेच्या सांझी या कागद कापण्याच्या पारंपरिक कलेच्या साच्यांत आकारांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्या नक्षीचाच भाग होऊन जातात. त्या नीट पाहा. आपल्या कामात अशी पट्टी २ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको.

थर जोडायला ३ मिलिमीटर जाडीच्या फोमबोर्डाच्या, म्हणजे आत फोम असलेल्या पुठ्ठ्याच्या, पट्ट्या कापा. त्या कडेपासून ६ ते ८ मिलिमीटर आत बसवा, नाहीतर बाजूनं पाहताना दिसतात. फेविकॉल कागदावर नको, पट्टीवर लावा, तोही अगदी पातळ. त्यातलं पाणी कागदात उतरलं की लाटा उठतात. फोमची दुतर्फा टेप झटपट चिकटते खरी, पण एकदा टेकली की थर सरकवून जुळवता येत नाही.

शेवटी फ्रेम. पाच थरांत चार फटी, म्हणजे १२ मिलिमीटर, शिवाय कागदांची जाडी. फ्रेमवाल्याला आतली खोली किमान २० मिलिमीटर सांगा. काच कागदाला टेकली तर पावसाळ्यात तिथे ओल धरते, डाग पडतात, बुरशी येते, आणि काच उचलताना ठशांचा उठाव तिच्याबरोबर सोलून निघू शकतो.