हाय खाल्लेलं हृदय

(पडद्यावर: इंदूर, रामबाग. सकाळचं अंगण.)

काका गेले आणि चौथ्या दिवशी काकूंच्या छातीत कळ आली. घर माणसांनी भरलेलं, दहावा व्हायचा होता. आम्हाला वाटलं, रडून आणि उपाशी राहून पित्त झालं असेल. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "सदमा लग गया." आजी म्हणाली, "हाय खाल्ली गं तिनं." दरदरून घाम फुटला तेव्हा कुठे आम्ही रिक्षा बोलावली. तो अर्धा तास मला अजून छळतो.

ईसीजी थेट हार्ट अटॅकचा. अँजिओग्राफी केली, तर सगळ्या रक्तवाहिन्या मोकळ्या!

उत्तर सापडलं इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर. डाव्या कप्प्याचा वरचा भाग जोरजोरात आवळत होता, आणि खालचं टोक फुग्यासारखं फुगून निपचित पडलेलं. जपानी कोळी ऑक्टोपस धरायला अरुंद गळ्याचं, गोल बुडाचं मडकं वापरतात. त्याचं नाव ताकोत्सुबो. १९९० साली तिथल्या डॉक्टरांनी या आजाराला तेच नाव दिलं. मोठ्या धक्क्यानं अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि हृदयाचा स्नायू सुन्न होतो. दहात नऊ रुग्ण बायका, बहुतेक पाळी गेलेल्या. आजीचा शब्द अगदी खोटा नव्हता.

पण हाय खाल्लेलं हृदय बहुधा काही आठवड्यांत सावरतं, एवढं ऐकून आम्ही निर्धास्त झालो. तिथेच चुकलो असतो.

टोक हलत नाही, म्हणून तिथं रक्त साचतं. साचलेलं रक्त गोठतं. त्यात तीच संप्रेरकं रक्ताची गोठण्याची ओढ वाढवतात. गुठळी थोड्याच रुग्णांत होते, बहुतेकदा पहिल्या एक-दोन आठवड्यांत. म्हणून इको पुन्हा करायचा. काकूंचा दुसरा इको पाचव्या दिवशी झाला. टोकाशी जांभळाच्या बीएवढी राखाडी सावली चिकटलेली होती. आणि भीती ही, की हृदय पुन्हा हलू लागलं की ती सुटायची. डाव्या कप्प्यातून सुटलेली गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू.

आधी रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं, मग त्याच कामाची वॉरफरिनची गोळी. महिन्याभरात काकूंचं हृदय छान चालू लागलं, आणि त्या गोळी टाळू लागल्या. "आता दुखत नाही ना, मग कशाला?" मी त्यांच्यावर ओरडले. ओरडायला नको होतं, पण गुठळी दुखत नाही हे त्यांना कळेपर्यंत थांबण्याची हिंमत माझ्यात नव्हती. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दोन ते तीनमध्ये हवा, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. मेथी-पालक बंद नाही, पण रोज साधारण सारखीच. अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनानं नाही.

काका ज्या वहीत दुधाचा हिशेब लिहायचे, तिच्याच पुढच्या पानांवर काकू आयएनआरचे आकडे लिहीत गेल्या. तीन महिन्यांनी इको झाला. टोक स्वच्छ.

(पडद्यावर: वहीचं पान, काकूंचं अक्षर.)

"डॉक्टरांनी सांगितलं. गोळी आजपासून बंद."