विषाणूचे जुलाब आणि प्रोबायोटिकची बाटली

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, ‘विषाणूजन्य आजार आणि प्रोबायोटिक’ असा आजचा विषय जाहीर झालेला असला, तरी सभागृहातील बऱ्याच जणांना खरे तर दह्याविषयीच ऐकायचे आहे, याची मला कल्पना आहे. दह्याकडे येईनच, त्याआधी प्रोबायोटिकविषयी, म्हणजे औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या उपयुक्त जिवंत जिवाणूंविषयी, माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी लागेल.

दीड वर्षाच्या मुलाला आधी उलट्या आणि मग पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, की अनेकदा त्यामागे १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला रोटाव्हायरस असतो. तो विषाणू असल्यामुळे त्याच्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही. तरीही चिठ्ठीवर पहिले नाव अँटिबायोटिकचेच असते. त्याने आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात म्हणून त्याखाली प्रोबायोटिक येते, म्हणजे आग लावणाऱ्यानेच बंबही धाडायचा! अंगातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणारे, म्हणून जे सर्वांत वर हवे, ते ओआरएस तळाशी, आणि तेही आम्हा डॉक्टरांच्या सुप्रसिद्ध हस्ताक्षरात. घरी गेल्यावर आई प्रोबायोटिकच्या छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे टोक पिरगळून आतले पांढुरके पाणी, थेंबही वाया जाऊ न देता, चमच्यात ओतते. लिटरभर पाण्यासाठीचे ओआरएसचे पाकीट मात्र पेलाभर पाण्यात कालवले जाते. ते इतके खारट होते की मूल तोंड फिरवते, आणि प्यायलेच तर रक्तातील सोडियम वाढण्याचा धोका असतो. ही चूक आईची नव्हे. तिला कोणी दोन मिनिटे बसवून सांगितलेलेच नसते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा मूळ विषय भरभर सांगतो. प्रोबायोटिकमधले जिवाणू आतड्याच्या अस्तराचा बचाव भक्कम करतात आणि प्रतिकारशक्तीला चालना देतात, ही कल्पना तर्काला धरून आहे, आणि जुन्या, लहान अभ्यासांतून आशाही वाटत होती. परंतु अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ जुलाबग्रस्त मुलांवर केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोबायोटिक घेणारी आणि न घेणारी मुले सारख्याच गतीने बरी झाली.

याउलट ओडिशात ४,५५६ नवजात बाळांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. तेथे जिवाणूचा वाण वेगळा होता, सोबत त्याचे खाद्यही दिले होते आणि हेतू उपचाराचा नसून प्रतिबंधाचा होता. म्हणून ‘प्रोबायोटिक चांगले की वाईट’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कोणता वाण, कोणाला आणि कशासाठी, हे विचारले पाहिजे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात हेच जिवाणू शिरू शकतात, आणि त्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली इशारा दिला आहे.

आता दही. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे घरोघरी बदलते. त्यामुळे ते आवडीने खावे, परंतु त्याला औषधाची मात्रा समजू नये. जुलाबांवरच्या जस्ताच्या गोळ्या राहूनच गेल्या: आपल्या सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. एवढे लिहून घ्या, आणि मग प्रश्न विचारा.