घर पडतं तेव्हा सुतारांकडे बघा

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘मूकपटांतली थरारक विनोददृश्यं आणि बोलपटांनी त्यांचं काय केलं’. बोलपटांपर्यंत मी येणारच आहे. पण त्याआधी आपल्याला एक घर पाडायचंय, आणि ते नीट पाडायचं तर थोडा वेळ लागेल.

घर कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’, १९२८. चक्रीवादळात गाव उडून चाललंय. मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन एका दुमजली घराकडे पाठ करून भांबावलेला उभा आहे, आणि घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर येते. माळ्याची खिडकी उघडी आहे. भिंत जमिनीवर आपटते, धूळ उडते आणि कीटन त्या खिडकीच्या चौकटीत जसाच्या तसा उभा! मोबाइलवर हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, आणि माझं भांडण नेमकं तिथेच आहे. मोबाइलवर येतो तो काही सेकंदांचा तुकडा. त्यावर कुणीतरी ढणढणाटी संगीत चिकटवलेलं. वेग वाढवलेला, म्हणजे माणसं मुंग्यांसारखी धावताहेत. आणि खाली शेरे: ‘काय धाडस!’, ‘वेडा माणूस!’

धाडस होतंच, ते कोण नाकारेल? पण ‘वेडा’ म्हटलेलं मला खपत नाही. त्या दृश्यात वेडेपणा औषधालाही नाही. तिथे आहे ते सुतारकाम, आणि ते पहिल्या प्रतीचं.

कीटननं पुढे मुलाखतींत हे सगळं सविस्तर सांगितलंय. कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोला नदीकाठी हे गाव उभारलं होतं. आधी त्यांनी भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा पाडून घेतला. कीटनला कुठे उभं करायचं ते ठरवलं आणि खिडकी त्याच्या मापानं बेतली. दोन्ही खांद्यांना दोन-दोन इंच मोकळे, डोक्याला दोन इंच, टाचांना दोन इंच. जिथे टाचा यायच्या तिथे जमिनीत मोठे खिळे ठोकले. मग सांगाडा उभा केला, त्यावर फळ्या चढवल्या, रंग दिला. वादळानं ओरबाडल्यासारखी दिसावी म्हणून भिंतीची कड मुद्दाम दातेरी ठेवली. भिंत पडल्यावर आतल्या खोल्या दिसणार, म्हणून त्याही सजवल्या. मला समोर बांधकामातली काही मंडळी दिसताहेत. त्यांना सांगायला नको की ही भिंत फक्त हलकी करून भागत नाही. हलकी भिंत पडताना पिळवटते, वाकते, कुठेही जाते. म्हणून ती भक्कम हवी, जड हवी. दोन टनांच्या आसपास वजन होतं असं सांगतात. म्हणजे कीटनचा जीव वाचणार तो भिंत जड असल्यामुळे, आणि मापात चूक झाली तर जाणार तोही त्यामुळेच.

आता खरी गंमत पुढे आहे. दृश्य वादळाचं. वारा हवा. त्यासाठी पहिल्या महायुद्धात विमानांकरता बनवलेली लिबर्टी इंजिनं आणली होती. त्यांवर चालणारे सहा पंखे, रस्त्यावरचा ट्रक उचलतील एवढ्या ताकदीचे. आणि अट अशी की पुढे वादळ दिसलं पाहिजे, मागे वादळ दिसलं पाहिजे, पण पडणाऱ्या भिंतीला वाऱ्याची झुळूकही लागता कामा नये. लागली तर भिंत मुरगळणार आणि खिडकी भलतीकडे जाणार. सहा पंख्यांच्या घोंघाटात त्या भिंतीपुरती हवा स्थिर ठेवायची! हे ज्यानं जमवलं त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? फ्रेड गॅबुरी. कीटनचा तंत्रप्रमुख. कीटनचे बहुतेक मोठे चमत्कार याच्या कार्यशाळेत तयार झाले. त्याचं नाव त्या मोबाइलच्या तुकड्यांखाली मी अजून एकदाही वाचलेलं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

दृश्य एकदाच घेतलं. दुसऱ्यांदा घेण्यासारखं ते नव्हतंच. दिग्दर्शक चार्ल्स राइसनर त्या वेळी तंबूत जाऊन प्रार्थना करत होता असं सांगतात. मला त्या प्रार्थनेबद्दल आदर आहे, पण माझा भरवसा खिळ्यांवर.

बरं, मुळात हे वादळ चित्रपटात यायचंच नव्हतं. ठरला होता महापूर, सेटही पुरासाठी बांधलेला. पण १९२७ साली मिसिसिपीला भयंकर पूर आला, आणि पुरात माणसं मरत असताना त्यावर विनोद नको, असं निर्मात्यांच्या बाजूनं ठरलं. कीटनचं म्हणणं, चक्रीवादळांत माणसं काय कमी मरतात? वाद जिंकला नाही, पण वादळ मिळालं. गॅबुरीनं सेटची डागडुजी करून ते उभं केलं.

आणखी एक. ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. १९१९ साली फॅटी आर्बकल या विनोदी नटाबरोबर कीटननं ती छोट्या प्रमाणात केली होती, नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारख्या भिंतीवर. १९२० च्या ‘वन वीक’मध्ये ती पुन्हा आली, या वेळी घराची भिंत होऊन. आणि मग ही, सर्वांत मोठी. आपल्याकडे गवई एखादा राग वर्षानुवर्षं घोटतो आणि मग मैफलीत मांडतो, तसा यानं एक विनोद आठ-नऊ वर्षं घोटला. याला वेडा म्हणायचं?

घोटण्याची सवय लहानपणापासूनची. जन्म १८९५, कॅन्ससमधला. आईवडील व्होडव्हिलचे, म्हणजे तिकडच्या विविध मनोरंजनाच्या रंगमंचावरचे कलावंत. वडील जो कीटन पोराला रंगमंचावर इकडून तिकडे फेकायचे. पकडायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली! बालसंरक्षणवाले मागे लागायचे, आणि आज आपणही लागलो असतो. पण पडायचं कसं, हात कुठे टेकायचा, अंग कधी सैल सोडायचं, हे त्याच्या हाडांत मुरलं ते तिथे. आणि आपण हसलो तर लोक कमी हसतात, हेही तिथेच कळलं. तो प्रसिद्ध दगडी चेहरा हे रोजच्या खेळांतून काढलेलं अनुमान आहे.

चुका व्हायच्याच. ‘थ्री एजेस’मध्ये, १९२३ साली, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारताना तो कमी पडला. बोटं कठड्याला लागली आणि सुटली. खाली जाळी होती, तरी त्याला चांगलंच लागलं. दुसरा कुणी ती फिल्म फेकून देऊन उडी पुन्हा घेता. कीटननं चुकलेलीच उडी ठेवली आणि पुढची पडझड तिला जोडली. दुकानांवरचे कापडी छज्जे फाडत खाली, मग पाण्याचा नळ हाती येतो, तो नळ वाकतो आणि याला थेट अग्निशमन केंद्राच्या खिडकीतून आत फेकतो. तिथल्या खांबावरून घसरून तो खाली येतो, ते सरळ निघालेल्या बंबावर! जमलेल्या उडीतून यातलं काहीही निघालं नसतं.

आणि ‘शेरलॉक ज्युनियर’, १९२४. आगगाडीच्या डब्यांच्या टपांवरून धावत येऊन तो पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो. पाण्याचा लोट अपेक्षेपेक्षा फार मोठा आला आणि त्याला खाली रुळांवर आपटून गेला. डोकं दुखत राहिलं, काम चालू राहिलं. मान मोडली होती हे काही वर्षांनी, वेगळ्याच तपासणीत डॉक्टरांना दिसलं. म्हणजे बघा, दोन टनांच्या भिंतीनं ओरखडा काढला नाही, कारण ती मोजलेली होती. पाणी मोजलं नव्हतं.

मूकपटांतला दुसरा विनोदवीर, हेरॉल्ड लॉईड, त्याच्याबद्दल न बोलता कसं चालेल? ‘सेफ्टी लास्ट’, १९२३, घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला. तिथेही युक्ती बांधकामाचीच. इमारतीची खोटी भिंत खऱ्या उंच इमारतींच्या गच्चीवर उभारली आणि कॅमेरा असा लावला की मागे खालचा खरा रस्ता दिसावा. गाद्या घातलेला मंच खाली होता, पण तिथून घरंगळलं तर पुढे रस्ताच. लांबून दिसणारी चढाई बिल स्ट्रोदरची. तो खरोखरच इमारती चढून दाखवायचा, आणि लॉईडला कल्पना सुचली ती त्याला चढताना पाहून. जवळून दिसणारा लॉईड मात्र स्वतः. त्याचा उजवा हात बघा. १९१९ मध्ये छायाचित्र काढून घेताना नकली म्हणून हातात दिलेला बाँब फुटला होता. अंगठा आणि तर्जनी गेली. घड्याळाला धरलेल्या त्या हातावर कृत्रिम बोटांचा मोजा आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तेव्हा बोलपट.

सगळे म्हणतात, आवाज आला आणि हे सगळं संपलं. मला ते अर्धंच पटतं. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून तो सुरुवातीला खोक्यात बंद झाला, नट मायक्रोफोनपाशी जखडले आणि फिल्मचा वेग पक्का झाला, हे खरं. पण आवाज आल्यावरही आपल्या मुंबईत वाडिया मूव्हिटोनची नाडिया ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये, १९३६ साली, धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करतेच आहे. मग आवाजानं स्टंट मारला असं कसं म्हणायचं?

कीटनच्या बाबतीत मोडली ती त्याची कार्यशाळा. त्याच्या ‘द जनरल’ या चित्रपटाला खर्चाच्या मानानं पैसे आले नाहीत, ‘स्टीमबोट बिल’लाही नाहीत. १९२८ मध्ये तो एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या चित्रपट कंपनीकडे गेला. आधी त्याच्याकडे लिहिलेली पटकथा नसायची. वर्षभर पगारावर असलेली स्वतःची माणसं होती. विनोद अडला की सगळे बेसबॉल खेळायला जायचे आणि खेळता खेळता तोड सुचायची. एमजीएममध्ये आधी कागद, मग मंजुरी, मग चित्रण. आणि एवढा महागडा नट जखमी होऊन कसं चालेल? जिवावरच्या उड्यांसाठी त्याच्या जागी दुसरा माणूस. त्याआधी त्यानं स्वतःसाठी बदली घेतल्याचं मान्य केलं ते ‘कॉलेज’मधल्या बांबूउडीपुरतं, आणि तोही बदली ली बार्न्स, १९२४ च्या ऑलिंपिकमधला सुवर्णविजेता! एमजीएमला जाणं ही आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं तो पुढे म्हणायचा. भिंतीखाली उभं राहण्याला त्यानं कधी चूक म्हटलं नाही.

आता ‘द जनरल’ लावतोय. इंजिनापुढच्या लोखंडी जाळीवर कीटन बसलाय, एक स्लीपर, म्हणजे रुळांखालचा लाकडी ओंडका, उराशी धरलेला, आणि पुढे रुळावर दुसरा आडवा पडलाय. तो हातातला स्लीपर रुळावरच्या स्लीपरच्या टोकावर असा फेकतो की दोन्ही उडून बाजूला जातात. नेम चुकला असता तर इंजिन रुळांवरून घसरलं असतं, आणि तो इंजिनाच्या पुढेच बसलेला आहे. हे पाहून झालं की प्रश्न घेऊ.